पाढ्यांच्या पानाला लग्नाचा मांडव कशाला?

मंडळी, आज जरा भांडायचे आहे.

मोबाइलवर एखादे पान उघडायला पाच-सात सेकंद लागत असतील, तर दोष उघडणाऱ्याच्या स्वस्त फोनचा नसतो, पान बनवणाऱ्याचा असतो. हे माझे ठाम मत आहे. ते वाचून आमचे संगणकवाले नातेवाईक चिडणार याची मला कल्पना आहे. चिडावे, पण आधी शेवटपर्यंत वाचावे.

मी कोण हे सांगणारा, असा प्रश्न येईलच. मी मराठी माध्यमातला बी.ए., आयुष्यभर शाळेत शिकवले, निवृत्तीनंतर हौसेने एचटीएमएल आणि थोडे जावास्क्रिप्ट शिकलो. अभियंता नाही. पण स्वयंपाक येत नसला तरी भात करपला हे नाकाला कळते. शिवाय चाळीस पोरांच्या वर्गात कोणत्या पोराला कळले नाही हे ओळखणे हा माझा धंदाच होता, आणि महाजालावर सध्या मागच्या बाकावरची पोरे कोणीच मोजत नाही असे मला दिसते आहे.

वादाचे कारण छोटेसे आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता खेड्यातल्या शाळेत शिक्षिका आहे. तिला मुलांसाठी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकीचा सराव घेणारे एक पान हवे होते. प्रश्न दिसावा, मुलाने उत्तर द्यावे, बरोबर की चूक ते कळावे, शेवटी गुण दिसावेत. एवढेच. वर्गात फोन एकच, तोही बाईंचा स्वतःचा, चार-पाच वर्षे वापरलेला. मी भाच्याला विचारले, कसे करावे? तो हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहे, हुशार आहे, प्रेमळ आहे. तो म्हणाला, "मामा, रिअॅक्ट घ्या, त्यावर एक राउटर, एक स्टेट लायब्ररी, तयार बटणांचा एक संच. आजकाल हाताने कोण लिहितं?"

इथेच आमचे वाजले.

ज्यांना हे शब्द परके आहेत त्या आमच्या वहिनी, मेहुणे वगैरे मंडळींसाठी थोडे सोपे करून सांगतो. फ्रेमवर्क म्हणजे आयती चौकट. हजारो प्रोग्रामरांना पुन्हापुन्हा लागणारी कामे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात, आपण त्यात आपला मजकूर भरायचा. कल्पना चांगलीच आहे. लग्नाचा आचारी सतेली, झारे, भट्ट्या घेऊन येतो, दोनशे पाने उठतात. पण दोन माणसांच्या पोह्यांसाठी तोच टेम्पो दारात उभा केला, तर पोहे होतील खरे, मात्र गल्ली अडेल. आणि गंमत अशी की महाजालावर ही गल्ली आपली नसते, वाचणाऱ्याची असते. चौकट आपण निवडतो, ती वाहून न्यायची वाचणाऱ्याच्या फोनने.

आता वजनाचा हिशेब. पुष्कळांना वाटते की शंभर किलोबाइटांचा फोटो आणि शंभर किलोबाइटांचे जावास्क्रिप्ट यांचे ओझे सारखेच. तसे नाही. फोटो उतरला, उलगडला, दाखवला, की काम संपले. जावास्क्रिप्ट उतरल्यावर फोनला ते वाचावे लागते, समजून घ्यावे लागते, यंत्राच्या भाषेत आणावे लागते आणि मग चालवावे लागते. फोटो म्हणजे भिंतीवर टांगायची तसबीर. जावास्क्रिप्ट म्हणजे सोडवायला दिलेला गृहपाठ. हुशार मुलगा, म्हणजे पन्नास-साठ हजारांचा फोन, तो चटकन सोडवतो. साध्या फोनला घाम फुटतो. आणि तो सोडवत असेपर्यंत बटण दाबले तरी हलत नाही. मुलाला वाटते आपलेच काहीतरी चुकले.

बरे, हे ओझे किती झाले आहे? महाजालावरच्या लाखो पानांची नियमित मोजदाद करणारा एचटीटीपी आर्काइव्ह नावाचा प्रकल्प आहे. त्याच्या २०२४ च्या आकड्यांनुसार मोबाइलवरच्या मधल्या पानात एकट्या जावास्क्रिप्टचे वजन साडेपाचशे किलोबाइटांच्या आसपास होते. मधले पान म्हणजे निम्मी पाने याहूनही जड. हे वजन दाबून, आवळून पाठवल्यावरचे आहे. फोनमध्ये सुटले की ते कितीतरी पट फुगते.

हे असे का झाले ते समजायला थोडा इतिहास पाहू. जावास्क्रिप्ट १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत उभी केली. पुढे निरनिराळे ब्राउझर एकच गोष्ट निरनिराळ्या तऱ्हेने करू लागले. एकात चालणारे दुसऱ्यात मोडायचे. हा त्रास मिटवायला २००६ मध्ये जॉन रेसिग यांनी जेक्वेरी आणली. ती त्या काळाची खरी गरज होती. मग स्मार्टफोन आले. टॉमस फुक्स यांनी २०१० मध्ये झेप्टो ही छोटी लायब्ररी काढली, का तर फोनवरचे ब्राउझर नवे आहेत, त्यांना जुन्या ब्राउझरांसाठी भरलेली शिदोरी नको. लिहायची पद्धत जेक्वेरीसारखीच, वजन मात्र कितीतरी कमी. म्हणजे हलकेपणाचा विचार मोबाइलच्या जन्मापासून होता. मी काही नवे सांगत नाही.

मग २०१३ मध्ये फेसबुकने रिअॅक्ट सर्वांसाठी खुली केली. फेसबुकसमोर प्रश्न होता की एकाच पानावर गप्पा, सूचना, टिप्पण्या, आवडीनिवडीचे आकडे हे सगळे दर क्षणाला बदलते, ते एकमेकांशी जुळलेले कसे ठेवायचे? त्या प्रश्नाला रिअॅक्ट हे उत्तम उत्तर आहे. पण पाऊणकीच्या पाढ्यात दर क्षणाला काय बदलते? पाऊणे चार नेहमी तीनच.

आता भाच्याचे मुद्दे एकेक घेतो. त्याच्यावर अन्याय नको.

पहिला मुद्दा, "मामा, आता फोन वेगवान झालेत, जिओ २०१६ मध्ये आल्यापासून नेट स्वस्त झालंय." दोन्ही खरे. पण निकलाउस विर्थ नावाचे स्विस शास्त्रज्ञ होते, पास्कल ही भाषा ज्यांनी केली ते. २०२४ च्या पहिल्याच दिवशी ते गेले. त्यांनी १९९५ साली, म्हणजे जावास्क्रिप्ट जन्मली त्याच वर्षी, एका लेखात इशारा दिला होता की यंत्रे जितक्या वेगाने जलद होतात त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होत जाते. पगार वाढला की खर्च त्याच्या पुढे पळतो, हे कुठल्याही नोकरदाराला सांगायला नको. शिवाय वेगवान फोन कोणाचे झाले? भाच्याचे झाले. बाईंचा फोन तोच आहे. आणि घाटाखालच्या गावात नेटची काडी एक दिसते की दोन, हे त्या दिवशीच्या पावसावर ठरते.

दुसरा मुद्दा, "एकदा उतरलं की फोनमध्ये साठून राहतं, पुन्हा उतरावं लागत नाही." अर्धे खरे. बाइट साठतात, पण चालवण्याचे काम बहुतेक प्रत्येक वेळी पुन्हा करावे लागते. आणि सुप्रभातच्या फुलांनी गच्च भरलेल्या फोनमध्ये ब्राउझरला साठवायला जागाच उरत नाही, तो जुने टाकून देतो.

तिसरा मुद्दा, "डेव्हलपरचा वेळ वाचतो." हा मुद्दा मला सर्वात जास्त खुपतो. कोणाचा वेळ वाचवायला कोणाचा खर्च करता? गणिताचा तास घेऊ या. चाळीस मुले, प्रत्येकाने दिवसातून दोनदा पान नव्याने उघडले, दर वेळी तीन सेकंद फुकट गेले. चाळीस दुणे ऐंशी, ऐंशी त्रिक दोनशे चाळीस सेकंद, म्हणजे चार मिनिटे. शाळेचे दोनशे दिवस धरा, आठशे मिनिटे. पस्तीस मिनिटांची तासिका धरली तर जवळजवळ २३ तासिका झाल्या. एका शाळेच्या, एका वर्गाच्या, एका वर्षातल्या. आणि भाच्याची वाचली किती? एक शनिवार संध्याकाळ. मास्तर म्हणून मला हा सौदा मान्य नाही.

चौथा मुद्दा, "मोठ्या कंपन्या हेच वापरतात." मोठ्या कंपन्या काय करतात ते नीट पाहू. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये आपले पहिले पान, म्हणजे सभासद नसलेल्यांना दिसते ते, तपासले. रिअॅक्ट त्यांनी आपल्या सर्व्हरवर ठेवली, पण वाचकाच्या यंत्राकडे पाठवणे बंद केले आणि तिथे साधे जावास्क्रिप्ट वापरले. दोनशे किलोबाइटांहून जास्त ओझे उतरले आणि पान हाताळण्याजोगे व्हायला लागणारा वेळ निम्म्यावर आला. ब्रिटिश सरकारच्या मुख्य संकेतस्थळाने २०२२ मध्ये जेक्वेरी काढून टाकली. उतरले किती? फक्त ३२ किलोबाइट. तरी त्यांनी मोजले तेव्हा दिसले की जुनी यंत्रे आणि मंद जोडणी असलेल्यांना त्याचा चांगलाच फायदा झाला. वजन कमी करायला लाज वाटत नाही ती मोठ्यांनाच. छोट्यांना वाटते.

पाचवा मुद्दा मात्र प्रामाणिक आहे आणि त्याला मी मान देतो. "मामा, नोकऱ्या रिअॅक्टवर मिळतात." मिळतात. म्हणून शिकावेच. माझ्या वर्गात मीही परीक्षेसाठी शिकवले आणि परीक्षेपलीकडचेही शिकवले. पण नोकरीचा सराव पोरांच्या फोनवर करू नये. न्हाव्याच्या पोराने हात बसवायला गिऱ्हाइकाचे डोके वापरू नये, एवढेच म्हणणे.

शिवाय या चौकटींचे आयुष्य पहा. जेक्वेरी मोबाइलची पहिली पक्की आवृत्ती २०११ च्या नोव्हेंबरात आली, त्या काळी तिचा केवढा गाजावाजा होता. २०२१ मध्ये तिचे काम अधिकृतपणे थांबले. गूगलच्या अँग्युलरजेएसचा आधारही २०२१ अखेर संपला. दहा वर्षे. आमच्या शाळेतले लाकडी फळे याहून जास्त टिकले. उलट नव्वदच्या दशकात साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेली पाने आजही उघडतात.

आणि जितके परावलंबन जास्त तितकी भीती जास्त. २०१६ च्या मार्च महिन्यात एका प्रोग्रामरने एनपीएम या सार्वजनिक भांडारातून आपले सगळे कोड काढून घेतले. त्यात लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा एक तुकडा होता. काम काय, तर अक्षरांच्या डाव्या बाजूला रिकामी जागा किंवा शून्ये भरणे, म्हणजे ७ चे ०७ करणे. तेवढा तुकडा नाहीसा झाला आणि जगभरचे असंख्य प्रकल्प उभे राहीनात, रिअॅक्टवर बेतलेलेसुद्धा. डावीकडे शून्य लिहायला पहिलीतले पोर दुसऱ्याची पाटी मागत नाही हो!

आता आपल्या भाषेचा एक मुद्दा, जो इंग्रजी लेखांत सहसा येत नाही. संगणकात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळे वेगळे मोजायचे. 'विद्यार्थी' या शब्दात अशी दहा चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. इंग्रजी 'स्टुडंट' सात बाइटांत बसतो. पाठवताना आवळले की फरक बराच घटतो, पण संपत नाही. त्यात जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट इंग्रजी फॉन्टहून जड असतात. तरी लोक हौसेने दोन-दोन, तीन-तीन फॉन्ट लावतात. अँड्रॉइड फोनमध्ये वाचण्याजोगा देवनागरी फॉन्ट आधीच असतो, तो वापरा की. सांगायचे काय, मराठी पान निघतानाच थोडी जास्त शिदोरी घेऊन निघते. तेव्हा वरचे ओझे कमी करण्याची गरज आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे.

हे केवळ पाढ्यांचे असते तर मी एवढे टंकले नसते. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका बाईंना मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. फोनवर पान उघडले की पांढरे, मध्ये एक चक्र गरगरते आहे. तीन रात्री त्यांनी प्रयत्न केला. त्यांना वाटले, आपल्याला येत नाही. शेवटी झेरॉक्सच्या दुकानात पैसे मोजून अर्ज भरला. मी ते पान माझ्या संगणकावर उघडून पाहिले. नाव, पत्ता, इयत्ता, गुण, बँकेचे खाते, एक फोटो. कागदाच्या जमान्यात दोन पानी फॉर्म होता तो. त्याच्यासाठी काही हजार किलोबाइटांची यंत्रसामग्री! ज्यांना शिष्यवृत्तीची गरज आहे त्यांच्याच फोनवर शिष्यवृत्तीचा अर्ज उघडू नये, याला तांत्रिक अडचण म्हणायचे नाही. याला दारातून परत पाठवणे म्हणतात. पूर्वी शिपाई करायचा, आता चक्र करते.

मग निवडायचे कसे? नुसती टीका करून पळून जाणे मास्तराला शोभत नाही. माझा क्रम असा आहे.

सर्वात आधी पाहावे, जावास्क्रिप्ट लागते तरी का. वाचायचे पान असेल, साधा अर्ज असेल, तर एचटीएमएलवर भागते. ते आधी चालू द्या, सोयीसुविधा त्यावर नंतर चढवा. याला जाणकार प्रोग्रेसिव्ह एनहान्समेंट म्हणतात, हा शब्द २००३ पासून चालत आला आहे. चित्र आधी पेन्सिलने, मग रंग.

लागत असेल तर साध्या जावास्क्रिप्टवर भागते का ते पाहावे. २००६ मध्ये जेक्वेरीवाचून न होणारी कामे आज सगळे ब्राउझर आपणहून करतात. २०१२ मध्ये एकाने 'व्हॅनिला जेएस' नावाची नवी चौकट जाहीर केली होती, सगळे निवडले तरी वजन शून्य बाइट. ती थट्टा होती, कारण व्हॅनिला जेएस म्हणजे कोणतीही चौकट नसलेले साधे जावास्क्रिप्ट. पण थट्टेत सत्य होते.

तरीही चौकट हवीच असेल तर हलकी घ्यावी. भाच्याला रिअॅक्टची सवय आहे ना, मग प्रीअॅक्ट आहे. जेसन मिलर यांनी २०१५ मध्ये काढलेली. लिहिण्याची पद्धत जवळजवळ तीच, आणि ती आपली ओळखच तीन किलोबाइट अशी करून देते. रिअॅक्ट आणि तिचा ब्राउझरचा भाग मिळून आवळूनही चाळीस किलोबाइटांच्या वर जातात. रिच हॅरिस यांची २०१६ मधली स्व्हेल्ट वेगळ्या वाटेने जाते. चौकटीचे बरेचसे काम ती पान बनवतानाच उरकते, वाचकाकडे नेमके लागणारे तेवढेच पाठवते. घरीच भाजी चिरून डब्यात भरायची, विळी पाहुण्याच्या गळ्यात मारायची नाही. छोट्या कामांना २०१९ ची अल्पाइन आहे, आणि सर्व्हरकडून तयार एचटीएमएल मागवणारी २०२० ची एचटीएमएक्स आहे.

आणि वजनाची मर्यादा आधी ठरवावी, नंतर नाही. अॅलेक्स रसेल हे २०१७ मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरवर काम करत होते. त्यांनी तेव्हा हिशेब मांडला होता की साधा फोन आणि मंद नेट यांवर पान पाच सेकंदांत चालू व्हायचे असेल, तर सुरुवातीला लागणारा सगळा ऐवज १३० ते १७० किलोबाइटांत बसला पाहिजे. फोन सुधारले तशी त्यांनी ही मर्यादा पुढे वाढवलीही. आकडा कोणता यापेक्षा आकडा लिहून ठेवणे महत्त्वाचे. घरखर्चाची वही असते तशी.

शेवटची कसोटी सर्वात सोपी. पान आपल्या फोनवर तपासू नये. वॉचमनच्या, कामवाल्या मावशींच्या, रिक्षावाल्याच्या फोनवर, त्यांची परवानगी घेऊन उघडावे. नेट मंद करावे. मग घड्याळ लावावे.

आता कोणी म्हणेल, काका, तुम्ही सगळ्यांनाच पाटी-पेन्सिलीवर नेणार काय? नाही. फोटो दुरुस्त करायचे पान, अनेकांनी एकाच वेळी भरायचा तक्ता, नकाशे, असली कामे अवघड आहेत, तिथे भक्कम चौकट घ्या. तिथे लग्न आहे, मांडव घाला. माझा आक्षेप मांडवाला नाही. न विचारता, न मोजता, सगळे घालतात म्हणून घातलेल्या मांडवाला आहे.

पाढ्यांचे पान मी साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिले. भाच्याने ते तपासून दोन ठिकाणी सुधारून दिले, हेही नोंदवतो. तो अजून म्हणतो, "मामा, तुमचं प्रेम जुन्यावर आहे." बाळा, झेप्टो, प्रीअॅक्ट, स्व्हेल्ट ही नावे जुनी कशी? माझे प्रेम मागच्या बाकावर आहे.

आणि ब्लॉगकर मित्रांनो, हसू नका, आता तुमची पाळी. आपापल्या ब्लॉगच्या कडेला लावलेली वाचकमोजणी, हलणारी घड्याळे, पडणारा बर्फ, तीन तीन फॉन्ट, हे आज एकेक काढून पाहा. तुमचा लेख वाचायला आलेल्या माणसाने आधी तुमची हौस का वाहायची? काढल्यावर काही बिघडले तर जरूर भांडायला या. चहा तयार आहे.